दिवस मावळायच्या आत

शेजारच्या खाटेवर हरिबा होता, आटपाडीकडचा मेंढपाळ. त्याची बायको धोंडुबाई दिवसभर त्याच्या उशाशी बसून असायची. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. मी पुस्तक घेऊन पडून होतो. सांगलीतल्या त्या वॉर्डात दुपारची पाळी भाग्यश्री सिस्टरची असे.

त्या संध्याकाळी ती माझं ब्लडप्रेशर बघायला आली. दंडाला पट्टा गुंडाळला आणि तशीच उभी राहिली.

"आजोबा, मघाशी पाच नंबरचे गेले. मला काहीच वाटलं नाही. चादर बदलायला हवी, एवढंच मनात आलं. उद्या मेट्रनना सांगणार आहे, मला स्टोअरला टाका. अशा बाईनं पेशंटजवळ थांबू नये."

जन्मभर पुस्तकं वाचलेला मी. "तसं काही नसतं," एवढंच म्हणालो. ते माझं मलाच पोकळ वाटलं.

धोंडुबाईनं ऐकलं होतं. "सिस्टर, तुमी जेवलाय कवा?"

"सकाळी. डबा आहे, पण वेळ होत नाही. आणि दिवस मावळल्यावर आम्ही जैन लोक जेवत नाही, मावशी."

"म्हंजी रोजच उपास. मेंढी उपाशी आसली की पिल्लाला जवळ घेत न्हाई. तवा तिला कोन शिव्या देतंय? चारा टाकत्यात."

"मला मेंढी म्हणता होय?" भाग्यश्रीला हसू आलं.

"मेंढी लय गुणाची आसती. बसा खाली."

धोंडुबाईनं स्टूल उचललं आणि वॉर्डाच्या दारात नेऊन ठाण मांडलं. लगेच एक नातेवाईक आला. त्याला वडिलांसाठी दुसरी उशी हवी होती.

"जीव चाललाय का? न्हाई न्हवं? मग दम खावा. सिस्टर जेवत्यात."

"तुम्ही कोण?"

"हितली वाचमन."

खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. हरिबा शांत झोपलाय हे भाग्यश्रीनं एकदा पाहिलं, टेबलावरचा डबा आणला आणि माझ्या खाटेच्या कडेला बसून उघडला. पहिले घास भराभर गिळले. मग हात थांबला.

"तात्याबा नाव होतं त्यांचं," ती म्हणाली. "रोज विचारायचे, पोरी, जेवलीस का? मी रोज हो म्हणायचे."

आणि ती रडायला लागली. मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. ती दोन घोट प्यायली तेव्हा विचारलं, "उद्या जाणार मेट्रनकडे?"

"जाते." तिनं पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली. "चार दिवस रजा मागते. नुसतं झोपायचंय मला."

"आदी घास संपवा," दारातून धोंडुबाई म्हणाली. "दिवस टेकलाय."