दिग्दर्शकाचे ओठ

स्वयंपाकघर चार मीटर लांब, तीन मीटर रुंद. त्यात माणसं अकरा, दिवे तीन, कॅमेरा एक, काठीला लटकवलेला माइक एक आणि मोकळी जागा जवळजवळ शून्य. सकाळी आठपासून सतरा टेक झाले होते. त्यातला एकही धड नव्हता.

लेखकाने बारा चित्रपट लिहिले होते, पण दिग्दर्शनाची ही पहिलीच खेप. निर्माता त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ, त्यामुळे बोलणं गोड आणि दम खरा.

"भावोजी, एकपर्यंत हा सीन झाला नाही ना, तर उद्यापासून दिग्दर्शन कॅमेरामन करेल. तुम्ही आपले घरी बसून लिहा. ताईला मी समजावतो."

घड्याळात बारा चाळीस झाले होते.

सीन साधा होता. मुलगा घर सोडून निघालाय, आई त्याच्या अंगातल्या शर्टाचं बटण शिवतेय आणि एकसष्ट शब्द बोलतेय. हे शब्द लेखकाने अकरा दिवस घासूनपुसून लख्ख केले होते. आईचं काम करणाऱ्या बाईही चांगल्या मुरलेल्या. पण त्या बोलायला लागल्या की ध्वनिमुद्रकाला कुजबुज ऐकू यायची. पंखा बंद करून झाला, फ्रिज बंद करून झाला, शेजारणीच्या बाळाला फिरायला पाठवून झालं. कुजबुज काही हटेना.

"सापडलं," ध्वनिमुद्रक म्हणाला. "दोन आवाज आहेत, साहेब. आधी तुमचा, मग बाईंचा. मध्ये पाऊण सेकंद."

"माझा? मी कुठे बोलतो?"

ध्वनिमुद्रकाने हेडफोन त्याच्या कानांवर चढवला आणि मागचा टेक ऐकवला. खरंच, आईचं प्रत्येक वाक्य तिच्या आधी हाच पुटपुटत होता. लेखकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लिहिताना ओठ हलवायची त्याची जुनी खोड, ती सेटवरही सोबत आली होती.

"पण बाई, तुम्ही माझ्या मागून का बोलताय?"

बाईंनी सुई शर्टात टोचून ठेवली. "मला पाठ कुठेय? पहिल्याच दिवशी बघितलं, तुमच्या तोंडावर सगळं छापलेलं असतं. म्हटलं, उगाच डोक्याला ताप कशाला!"

दिवे सांभाळणाऱ्यांनी तोंडं फिरवली. खांदे मात्र हलत होते.

बारा एकावन्न. कॅमेरामन उगाचच आपली कॉलर नीट करायला लागला.

"मी तोंड बंद ठेवतो," लेखक म्हणाला.

"अहो, मग मी बोलू काय?"

"तुमचा मुलगा चाललाय, बाई. बोलावंसं वाटलं तर बोला."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर शिवा."

त्याने रुमालाची घडी करून दातांत धरली. "ॲक्शन" त्याच्या सहायिकेलाच म्हणावं लागलं.

बाईंनी दोरा ओढला. सवयीने एकदा कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिलं. तिथे नुसता रुमाल. पहिल्या वाक्याच्या जागी काहीच आलं नाही. दुसऱ्याच्या जागीही नाही. लेखकाची जीभ रुमालामागे वळवळत होती. निर्मात्याने "कट" म्हणायला तोंड उघडलं, तसा लेखकाने न बघता त्याच्या पायावर पाय दिला.

मुलगा झालेला नट गोंधळला. आईचं बोलणं संपलं की त्याला निघायचं होतं. इथे सुरूच झालं नव्हतं. जावं की थांबावं कळेना म्हणून तो थांबला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच, निघणं जिवावर आलेल्या मुलासारखा दिसला.

बाईंनी गाठ मारली. वाकून दातांनी दोरा तोडला. बोटाने खालचं बटण चाचपलं, मग वर पाहिलं.

"काढ शर्ट. खालचंही सैल झालंय."

तो शर्ट काढू लागला. लेखकाने हात वर केला. सहायिका "कट" म्हणाली.

"आवाज एकच," ध्वनिमुद्रक म्हणाला.

"लिहा, ओके," निर्माता पाय चोळत म्हणाला.

सहायिकेने वहीत लिहिलं: टेक अठरावा, ओके. वेळ बारा अठ्ठावन्न. लांबी एक मिनिट चौतीस सेकंद. शब्द पाच.