एकही हूक सुटला नाय

वादळात उडालेलं जानीच्या घराचं छप्पर आख्खंच्या आख्खं कासू गावच्या शेतात पडलं होतं आणि गाव कौतुक करत होतं.

"गोरखचं काम बघा!" शेजारचा हर्षद पत्र्यावर थाप मारून म्हणाला. "एकही हूक सुटला नाय!"

छप्पर जानीच्या भावाने, गोरखनेच घातलं होतं. पत्रे त्याने हुकांनी पाईपांना आवळले होते, पण पाईप भिंतीला बांधलेच नव्हते. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीट ओतायचं, त्यातून सळया वर काढायच्या, त्यांना पाईप वेल्ड करायचे, हे त्याला ठाऊक होतं. रोह्याच्या कंपनीची शेड त्याने तशीच केली होती. तिथे साहेब डोक्यावर उभा असायचा. बहिणीच्या घरी कोण बघतंय? पाईप विटांवर टेकवले, सिमेंटचे गोळे थापले, दोन दिवसांत मोकळा. साहेबाला भ्यायचं आणि बहिणीला गृहीत धरायचं, असली आपली कारागिरी.

छप्पर उचकटताना भिंतीचा कोपरा ढासळला, तो जानीच्या नवऱ्याच्या, काळूच्या पायावर. पेणला ऑपरेशन झालं, तरी पाय वाकेना.

दोष मात्र जानीने स्वतःवर घेतला. बकऱ्या आत घ्यायला तिने मागचं दार उघडलं होतं. "तिथनंच वारा शिरला," ती ज्याला त्याला सांगायची. सासू, सगुणा, ऐकवायची, "दोन बकऱ्या वाचवल्यान्, न् माझा पोर लंगडा केलान्!" जानी मान खाली घालून भाकऱ्या थापायची. गोरख समोर बसून खायचा. आठ महिने.

नवं छप्पर घालायला तो सळया घेऊन आला तेव्हा जानी म्हणाली, "दादा, मागचं दार चिणून टाक. नकोच ता मला."

गोरखच्या हातातली वीट हातातच राहिली. ह्या बाईने मागच्या अंगणात, चुलीशी, बकऱ्यांशी जायचं कुठून?

"दाराचा दोष नाय गो, जाने."

"मग कोनाचा?"

"वारा शिरतोच. बांधलेलं छप्पर धरून ऱ्हातं. मी पाईप बांधलेच नव्हते."

जानीला रडू आलं नाही, हेच त्याला झेपेना.

"तवाच ठाव व्हतं तुला?"

"व्हय."

"मला कशाला सांगतोस? आत जा. त्याला सांग. आन् म्हातारीला हाक मार, तिच्या देखत सांग."

आत काळू भिंतीला टेकून बसला होता. गोरखला पाहून हसला. "या, इंजिनेर! उन्हाचे कशाला राबता? बसा."

आणि जागा करायला त्याने दोन्ही हातांनी आपला पाय उचलून बाजूला ठेवला.