समासातल्या सह्या

मी बाइंडर. कागद शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, कटरखाली घालून कडा सरळ करायच्या, एवढंच मला येतं. वाचायला मी जेमतेम. पण विद्यापीठातले सगळे प्रबंध शेवटी माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे कोण काय करतंय ते कळतं.

तिथल्या एका प्राध्यापकांनी, सगळे त्यांना उस्ताद म्हणत, नवी टूम काढली होती. नवी कसली, जुनीच. म्हणायचे, इल्म, म्हणजे विद्या, ही अमानत आहे, अल्लाहनं सांभाळायला दिलेली ठेव. ती मार्कांत काय मोजता? औषधाचं असो की पुलाचं, विद्यार्थ्यानं समोर बसून आख्खा प्रबंध वाचून दाखवायचा. पान पटलं तर उस्ताद त्याच्या समासात सही करणार. नाही पटलं तर समास कोरा. उद्या त्या विद्येनं कुणाचं वाईट झालं, तर वर अल्लाह आधी सही करणाऱ्याला विचारणार. लोक हसले. कारकून मला म्हणाला, "चाचा, आता पदवीपण हातानं शिवायची म्हणा की."

माझी थोरली लेक त्यांच्याच हाताखाली शिकली. लहान लेकरांना कुठलं औषध किती द्यायचं, असलं काहीतरी. तिच्या परीक्षेला आठ दिवस असताना उस्तादांना झटका आला. हात गेला, वाचा गेली. दवाखान्यात नुसते छताकडे बघत पडलेले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी तिनं प्रबंध आणून दिला. लेकीचं काम, म्हणून मी कड जरा जास्तच आत घेतली. सुरेख कापली. सकाळी तिनं उघडून पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"अब्बा, सह्या कुठायत?"

सह्या कापलेल्या कडेबरोबर गेल्या होत्या. कातरणाची पोती संध्याकाळीच रद्दीवाल्यानं उचलली होती.

"सगळ्या पानांवर होत्या ना?" मी विचारलं.

"तीन पानं सोडून. महिन्याच्या आतल्या बाळांची. उस्ताद म्हणाले होते, परत ये, बोलू. मग ते पडलेच."

माझं डोकं लगेच भलतीकडे धावलं. सगळ्याच सह्या गेल्या म्हणजे ती तीन कोरी पानंही ओळखू येणार नाहीत. कुणाला कळणार?

"तू गप्प राहा," मी म्हणालो. "चूक माझी आहे, मीच सांगतो." तिनं प्रबंध उचलला आणि पुढे निघाली.

परीक्षेच्या खोलीत लांब टेबल. मध्ये विभागाच्या मोठ्या बाई, शेजारी लेकरांचे डॉक्टर, आणखी दोघं. मी हात जोडून कटरचं सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "ठीक आहे, चाचा. चूक होते. कापायच्या आधी सगळ्या पानांवर सह्या पाहिल्या होत्या?"

तिच्या अभ्यासाची सहा वर्षं डोळ्यांसमोर आली. पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं.

"होत्या," मी म्हणालो.

"नव्हत्या," थोरली म्हणाली. "अब्बांना तेव्हा माहीत नव्हतं. तीन पानं कोरी होती." आणि तिनं पानांचे नंबर सांगितले.

मान वर करायची माझी छाती होत नव्हती. मग डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, खिशातलं पेन काढलं. "ती पानं वाच. उस्तादांच्या जागी मी ऐकतो."

ती वाचत गेली. दुसऱ्या पानावर त्यांनी बोट वर केलं. "हा आकडा कुठून आला?"

"मोठ्या मुलांच्या वजनावरून काढलाय."

"इतक्या तान्ह्याला देऊन कुणी पाहिलंय?"

"नाही, सर. उस्तादांनीही हेच विचारलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चाचा, घरात तान्हं आहे?"

"नातू आहे, धाकटीचा. वीस दिवसांचा."

"आज त्याला ताप आला, तर या पानावरून औषध द्याल?"

थोरली माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर कदाचित सही झाली असती. मघाशी एक खोटं इतकं सोपं गेलं होतं. पण आता डोळ्यांपुढे चमचा आला, आणि त्याचं तेवढंसं तोंड.

"नाही देणार," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं. थोरलीनं प्रबंध मिटला, माझा हात धरला आणि म्हणाली, "चला अब्बा."