थ्रासोसचा रकाना

तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं गासड्या तोललेल्या माणसाला कुठलाही आकडा टिपून ठेवल्यावाचून चैन पडत नाही, आणि थ्रासोस पेन्शनीत निघाल्यावर तोलायला दुसरं काहीच न उरल्यामुळे त्याने घरातल्या दोघांचं रक्त धरलं. दर तीन महिन्यांनी, उपाशीपोटी, बायकोला, एव्हांथियाला घेऊन तो कव्हालाच्या बंदराजवळ डॉक्टर इओर्दानिसच्या प्रयोगशाळेत जाई. दोघं बाह्या सारून शेजारी शेजारी बसत आणि बाहेर आल्यावर तीळ लावलेलं पावाचं कडं, एक कुलुरी, अर्धं अर्धं खात. दुसऱ्या दिवशी कागद आले की निळ्या वहीत डाव्या रकान्यात तिचे आणि उजव्या रकान्यात त्याचे आकडे उतरत.

"आपलं रक्त आपल्याला वाचता आलं पाहिजे," तो म्हणे. "डॉक्टरला शंभर माणसं. मला तू एकटीच आहेस."

त्यानेच तिला सगळं शिकवलं. क्रिएटिनिन म्हणजे मोरीत तुंबलेलं पाणी. आकडा चढला की मूत्रपिंडं थकली असं समजायचं. तिचा आकडा वर्षानुवर्षं ०.८ होता. त्याचा शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत १.६, मे महिन्यात १.९, ऑगस्टमध्ये २.७ आणि नोव्हेंबरात ४.३ झाला. त्यानंतर बाराव्या दिवशी तो गेला आणि उजवा रकाना तिथेच थांबला.

फेब्रुवारीत ती सवयीने एकटीच जाऊन रक्त देऊन आली. कागद वहीत उतरवताना हिमोग्लोबिनपाशी तिचा हात अडखळला, साखरेपाशी थांबला. ही ओळ तिच्या ओळखीची होती. तिने मागची पानं पाहिली: वर्षापूर्वीच्या फेब्रुवारीतली थ्रासोसची ओळ, शेवटच्या १.६ पर्यंत, दशांशाचाही फरक नाही.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं, मोठ्या इस्पितळातही पाठवलं. आकडे तेच आले. मे महिन्यात त्याची मे महिन्याची ओळ आली.

"बाई, पायांवर सूज नाही, चढ तर शेळीसारख्या चढता," डॉक्टर इओर्दानिस चष्मा पुसत म्हणाले. "सोनोग्राफीही स्वच्छ आहे. नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर घेत नाही ना?"

"गोळ्या केव्हाच फेकल्या. नवऱ्याचं आणखी काय काय माझ्यात उरलंय, ते तुमच्या यंत्रालाच विचारा."

वही मात्र तिने कुणाला दाखवली नाही. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नव्हती, बरंच वाटलं होतं. पंचेचाळीस वर्षं एका उशीवर झोपलेला माणूस अंथरुणातून गेला, पण अंगातून गेला नाही, यात वाईट काय? नवराबायकोचं नातं रक्ताचं नसतं, असं म्हणणाऱ्यांची तिला कीव आली.

भीती आली ती उन्हाळ्यात, लेमोनियाच्या फोनबरोबर. थेसालोनिकीला दिलेली ही एकुलती एक लेक लग्नानंतर सात वर्षांनी गरोदर राहिली होती. मुलगा होता, आणि डिसेंबरात यायचा होता. नाव ठरवायचा प्रश्नच नव्हता. नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं, ही रीत. ऑगस्टमध्ये एव्हांथियाच्या कागदावर २.७ आलं. वहीत आता एकच ओळ पुढे होती, आणि त्यापुढचे बारा दिवस. नातवाला मांडीवर घ्यायचं तर ते पुरत नव्हते.

नोव्हेंबरात, प्रयोगशाळेत जायच्या सकाळी, ती त्याच्या तसबिरीसमोर बसली. वर्षश्राद्धाला उकडून वाटायचे गहू निवडून बाजूला ठेवले होते.

"सोबत केलीस, फार बरं वाटलं," ती म्हणाली. "पण आता सोड मला. तुझ्या नावाचं पोर येतंय. मला ते बघू दे."

दुसऱ्या दिवशी कागद आला: ०.८. वरचे आकडेही तिचेच, जुने, साधे. डॉक्टरांनी खुशीत तिची पाठ थोपटली. बंदरावर तिने कुलुरी घेतलं, अर्धं खाल्लं, उरलेलं अर्धं हातात धरून बाकावर बसली आणि पोटभर रडली. तिने सांगितलं, आणि त्याने लगेच ऐकलं होतं. जन्मभर एवढ्या पटकन कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी फोन वाजला.

"आई, पेन घे. माझेही रिपोर्ट आलेत," लेमोनिया म्हणाली. बापाची लेक, तिलाही आकडे सांगितल्याशिवाय राहवत नसे. "घाबरू नकोस हं. मी ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, काहीतरी घोळ आहे, उद्या परत करू. आणि हा बाबांचा नातू बघ, सकाळपासून नुसता लाथा मारतोय. इतका कधी नाचला नव्हता!"

"सांग," एव्हांथिया म्हणाली.

"हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक. साखर एकशे अठ्ठेचाळीस."

एव्हांथियाने वही उघडली. तिचं बोट उजव्या रकान्यातल्या शेवटच्या ओळीवर गेलं आणि लेक वाचत होती तसतसं आकड्यांवरून सरकू लागलं.

"युरिक अ‍ॅसिड नऊ पॉइंट सहा. आणि ते क्रिएटिनिन, चार पॉइंट तीन."

बोट रकान्याच्या कडेला येऊन थांबलं. फोनमध्ये लेक हसली. पोराने पुन्हा लाथ मारली असावी.

"आई, लिहिलंस ना?"

"हो गं बाळा," एव्हांथिया म्हणाली. "लिहिलेलं आहे."