घरी बसल्याचा दाखला

सहा वर्षं मी सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते आहे. कागदावर मात्र ती सहा भरत नाहीत, कारण मधूनमधून मी नसते. म्हणजे असते, सुई टोचतच असते, पण कागदावर नसते. सरकारी भाषेत ह्याला खंड म्हणतात आणि एजन्सीच्या भाषेत गॅप.

मी रंजिता राठोड, लॅब टेक्निशियन, कंत्राटी. आम्हाला आदेश मिळतो अकरा महिन्यांचा. बारावा महिना दिला तर माणूस कायम व्हायची स्वप्नं बघायला लागेल, अशी वरच्यांना धास्ती. अकरा महिने संपले की नवा आदेश निघेपर्यंत घरी बसायचं. तो कधी पंधरा दिवसांनी निघतो, एकदा सव्वा महिना लागला, आणि मधल्या एका वर्षी अडीच महिने. पण तापाला आदेश कळत नाही आणि बायांना काही अकरा महिन्यांचा हिशेब बघून दिवस राहत नाहीत. म्हणून आदेश संपल्याच्या दुसऱ्याच सकाळी आमच्या डॉक्टरसाहेबांचा फोन येतो की रंजिता, थोडं येऊन जा. ते थोडं संध्याकाळी पाचला संपतं.

खंडात मला सही करता येत नाही. मग रिपोर्टवर सही होते नानाजींची. नानाजी आमचे शिपाई, देवमाणूस, शिक्षण सातवी. ह्या तालुक्यातली किती हिमोग्लोबिनं त्यांच्या सहीनं गेली ह्याची मोजदाद नाही. सही करताना ते चष्मा पुसून घेतात, एवढी जबाबदारी त्यांना वाटते. वर बसून सही मागणाऱ्या एकालाही ती कधी वाटल्याचं मी पाहिलं नाही.

ह्या वर्षी आदेश संपला आणि एजन्सीही बदलली. नवीचं ऑफिस यवतमाळला, एका मोबाईलच्या दुकानाच्या वर. जिन्यातच फ्लेक्स होता, 'आम्ही घडवतो तुमचं भविष्य'. आत पियुष सर बसले होते, वय असेल पंचवीस, गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र. त्यांनी माझे सहा जुने आदेश टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि मधल्या मोकळ्या जागांवर बोट ठेवत विचारलं की मॅडम, ह्या पाच गॅपचं काय?

मी म्हटलं, हे गॅप मी घेतले नाहीत, तुम्ही लोकांनी दिले. ते म्हणाले, ती आधीची एजन्सी, आमचा तिच्याशी संबंध नाही. मी म्हटलं, दवाखाना तर तोच आहे. त्यावर ते हसले आणि एक फॉर्म पुढे सरकवला. 'खंडाच्या काळात उमेदवार काय करीत होता' असा रकाना होता आणि खाली पर्याय होते: शिक्षण, आजारपण, प्रसूती, कौटुंबिक जबाबदारी, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, रक्त तपासत होते.

पियुष सरांनी ते वाचलं आणि उठून दार लावून घेतलं. मग हळू आवाजात समजावलं. असं लिहिलं तर माझी नोकरी सलग ठरते. सलग ठरली तर उद्या मी कोर्टात जाऊ शकते. आणि जी कोर्टात जाऊ शकते तिला एजन्सी घेत नाही. तेव्हा मी स्टॅम्प पेपरवर शपथपत्र करायचं की पाचही खंडांत मी घरी बसून होते, आणि सोबत गावातल्या प्रतिष्ठित माणसाचा तसा दाखला आणायचा. शुक्रवारी पाचपर्यंत. नाहीतर यादीतलं पुढचं नाव.

यादीतलं पुढचं नाव कुणाचं ते मला ठाऊक होतं. ती पोरगी हुशार आहे आणि तिला गॅपही नाहीत, कारण तिला अजून नोकरीच लागलेली नाही. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार माझा एकटीचाच. राजकुमार, माझा नवरा, काळीपिवळी चालवतो. सीट भरल्या तर गाडी निघते, नाहीतर पारावर उभी. ही नोकरी गेली तर ह्या वयात मला दुसरी कुणी देणार नव्हतं. म्हणून मी मान हलवली आणि जिना उतरले.

शपथपत्राला काहीच त्रास झाला नाही. तहसीलसमोरच्या अर्जनवीसाच्या कॉम्प्युटरमध्ये मजकूर तयारच होता. त्यानं विचारलं, ताई, आईवडिलांची सेवा टाकू का सासूसासऱ्यांची? इंजिनिअर झालेली पोरं, डी.एड. झालेल्या पोरी, सगळे ह्याच मजकुरावर सह्या करून जातात म्हणाला. त्याच्या कागदांवर विश्वास ठेवला तर आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांइतकी सेवा जगात कुणाची झाली नसेल.

अडलं ते दाखल्याशी. आमच्या तांड्यात प्रतिष्ठित माणूस म्हणजे हरिसिंग नायक. भांडण असो, वाटणी असो, सोयरीक मोडो, नायकाचा शब्द शेवटचा. गुरुवारी संध्याकाळी डोक्यावर पदर घेऊन मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले आणि एजन्सीनं दिलेला नमुना पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. नंदाबाईंना, माझ्या सासूला, जिला मी याडी म्हणजे आई म्हणते, बोलावून घेतलं आणि तिलाही वाचून दाखवला. सासू ऐकता ऐकता तापली.

"घरी बसून होती म्हणते?" ती म्हणाली. "घरी असती त कापसाच्या तीन-तीन वेचण्या मी एकटीनं कायले केल्या असत्या?"

मी नायकांना समजावलं की हे नुसतं कागदापुरतं आहे, सगळेच करतात. त्यांना राग आला असता तर मला परवडलं असतं, पण ते अवघडून गेले होते, जणू मीच त्यांच्याकडे काही वाईट मागितलं होतं. आणि मागितलंच होतं, हे मला तेव्हा कळत होतं. लाजेनं माझी मान वर होईना.

"पावणेआठच्या एसटीनं तू रोज गेलती, म्या पाह्यलं," ते म्हणाले. "खोटी साक्ष देणाऱ्याले आपण तांड्यात दंड करतो. नायकच खोटं लिहीन त दंड कोणाले मागू?"

पण सुनेला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हेही त्यांच्या मनात होतं. त्यांनी नमुना बाजूला ठेवला आणि आपल्या लेटरहेडवर स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. लिहिलं ते असं: दाखला देण्यात येतो की सौ. रंजिता राजकुमार राठोड ही आमच्या तांड्याची सून असून गेल्या सहा वर्षांत ती एकही दिवस घरी बसलेली मी पाहिली नाही. नोकरीचा आदेश नसतानाही ती रोज दवाखान्यात कामाला जात होती. ती मेहनती व खरी आहे, तिला नोकरी द्यावी. खाली सही आणि गोल शिक्का. माझ्या हाती देताना त्यांचा चेहरा उजळला होता. ह्याहून चांगली शिफारस त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाची केली नव्हती.

मी काय करणार? दुसरा प्रतिष्ठित माणूस शोधायला वेळ नव्हता. शिवाय गोल शिक्का असला की मजकूर कुणी वाचत नाही, हा माझा सहा वर्षांचा अनुभव. शुक्रवारी मी दोन्ही कागद घेऊन यवतमाळ गाठलं.

पियुष सरांनी नेमका तोच दिवस वाचनासाठी निवडला होता. दाखला वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. "मॅडम, हा दाखला नाही, पुरावा आहे," ते म्हणाले. त्यांनी नागपूरच्या मुख्य ऑफिसला फोन लावला, आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. तासाभरानं निर्णय आला. नायकांचा कागद त्यांनी पाहिलाच नाही असं ठरलं आणि तो दोन बोटांत धरून मला परत करण्यात आला. बदल्यात मी एका हमीपत्रावर सही करायची: नवा आदेश हाती पडेपर्यंत मी कोणत्याही शासकीय संस्थेत कामासाठी पाऊल ठेवणार नाही, ठेवल्याचं आढळल्यास निवड रद्द.

मी सही केली. आदेश कधी निघेल विचारलं. साहेब दौऱ्यावर आहेत, सहीला वेळ लागतो, दीड-दोन महिने धरून चला, असं उत्तर मिळालं. उठताना त्यांच्या ओळखपत्रावर नजर गेली. त्यावरही मुदत छापलेली होती, सहा महिन्यांची. त्यांच्या गॅपचं मी विचारलं नाही. माणुसकी म्हणून.

सोमवारी सकाळी पावणेआठची एसटी गेली आणि मी घरीच होते. बसायचं कसं तेच मला सुचेना. भांडी घासून झाली, अंगण दोनदा झाडलं. सासू माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघत होती. साडेनऊला डॉक्टरसाहेबांचा फोन आला. आश्रमशाळेत सिकलसेलच्या रक्ततपासणीचं शिबिर, दोनशे पोरं रांगेत बसवलेली, दुपारी यवतमाळहून मोठे अधिकारी फोटोवाल्यासह येणार, आणि मी कुठे आहे?

मी घरी आहे म्हटलं. ते म्हणाले, हो, मग निघ. मी त्यांना शपथपत्राचं सांगितलं, हमीपत्राचं सांगितलं. ते म्हणाले, अगं, ते कागदापुरतं असतं, सही नानाजी करतील ना.

"सर, शपथ घेऊन लिहून देल्लं म्या, घरी बसतो म्हणून," मी म्हटलं. "अन् तिथं कोणी फोटो काढला त माही निवडच रद्द होते. सहीच पाह्यजे असन त मग तपासणी बी नानाजीलेच करू द्या."

मग ते म्हणाले, तू अशी वागशील असं वाटलं नव्हतं, आणि फोन ठेवला.

आदेश एजन्सी काढते, पण रुजू करून घेतात डॉक्टरसाहेब. एका सोमवारात मी दोघांनाही गमावलं की काय, असं वाटलं. आणि ती दोनशे पोरं. ती बिचारी उपाशीच आणली असतील, रक्त द्यायला उपाशी यावं लागतं असं कुणीतरी त्यांना खोटंच सांगून. त्यांचा काय दोष होता? दोनदा मी चप्पल घातली आणि दोनदा काढली. सासूनं भाकरी थापली, ठेचा वाटला आणि ताट समोर ठेवलं.

पहिला घास घेतला आणि मोबाईल वाजला. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. व्हॉट्सॲपवर माझा नेमणुकीचा आदेश आला होता, आजच्या तारखेचा. दौऱ्यावर असलेल्या साहेबांची सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता. पाठोपाठ पियुष सरांचा फोन, मॅडम, वरून फोन आलाय, प्लीज लगेच जॉइन व्हा. त्यांच्या मागोमाग डॉक्टरसाहेबांचा, ऑर्डर मिळाली ना, मी गाडी पाठवली आहे. सहा वर्षांत मला न्यायला कधी गाडी आली नव्हती. मी लॅबच्या बाटल्यासुद्धा एसटीतून मांडीवर धरून नेलेल्या आहेत.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्या आदेशाकडे बघत राहिले आणि मला संताप आला, आधी त्यांचा आणि मग स्वतःचा. एक तास पन्नास मिनिटं. पाचही वेळा त्या सहीला एवढाच वेळ पुरला असता. पंधरा दिवस, सव्वा महिना, अडीच महिने हे सगळं प्रोसेसला लागत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जात होते, म्हणून कुणालाच घाई नव्हती. आदेश उशिरा निघत होता, कारण मी वेळेवर पोचत होते.

बाहेर गाडी येऊन थांबली. सासू दारापर्यंत जाऊन आली.

"रंजिता, तो हॉर्न वाजवून राह्यला," ती म्हणाली.

"वाजवू दे, याडी," मी म्हटलं. "मी जेवून जातो."