मोठ्या सरांची तसबीर

त्या विद्यापीठात एक रीत होती. नव्या कुलगुरूने खुर्चीत बसण्याआधी मागच्याची तसबीर स्वतःच्या हाताने सभागृहाच्या भिंतीवर लावायची. कुलगुरू भांडकुदळ झाले, झोपाळू झाले, एक तर नुसताच सह्याजीराव होता. पण तसबीर कुणाची चुकली नाही. खुर्ची कुणाच्या बापाची नाही, हे ज्याचं त्याला कळावं म्हणून ही रीत.

आज पाळी होती मोठ्या सरांच्या तसबिरीची आणि लावणारा होता त्यांचाच विद्यार्थी. सरांच्या घरी राहून, काकूंच्या हातचं जेवून तो शिकला होता. विद्यापीठाचं मैदान मंत्र्याच्या मेव्हण्याला द्यायला सरांनी साफ नकार दिला, म्हणून मुदतीआधीच त्यांना घरी बसवलं होतं. आणि आज सकाळी मंत्र्याच्या कचेरीतून नव्या कुलगुरूला फोन आला, "त्यांची तसबीर लावायचं राहू द्या. नाहीतर तुमच्या खुर्चीचंही बघावं लागेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने मनाची समजूत घातली, की खुर्ची राहिली तर मैदान तरी वाचवता येईल. अशी समजूत घालायला अक्कल लागत नाही हो, भीती पुरते. तसबीर कपाटातच राहिली.

समारंभाला सर आले. काकूही आल्या, ठेवणीतले कपडे घालून. रिकाम्या भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "कुठाय रे तसबीर?"

सरांनी त्याच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. जन्मभर पोरांची तोंडं वाचलेला माणूस तो.

"अगं, आणताना काच फुटली म्हणे," ते काकूंना म्हणाले. "नंतर लावतील."

"मग आपण आलो कशाला?"

"याला आशीर्वाद द्यायला."

काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "कामाच्या नादात जेवायचं विसरू नकोस हं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा सरांनी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दारापाशी त्याने सरांचा हात धरला. "सर, मैदान मी..."

"मैदान सांभाळ," सर हळूच म्हणाले. "आज तुझ्यासाठी खोटं बोलायला मी होतो. पुढच्या फोनला तू एकटा असशील."

काकूंना आधार देत ते जिना उतरले. आत लोक खोळंबले होते. तो गेला आणि खुर्चीत बसला. टाळ्या वाजल्या.