घारीचं पोट

बांधकामावर सगळे तिला घार म्हणत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून ती खाली पडलेली टाचणीही हेरायची, आणि तिने उचललेली तुळई फुलासारखी अलगद टेकायची. पण दाढ सुजल्याचं निमित्त झालं, जालीम अँटिबायोटिक घ्यावं लागलं. दाढ बरी झाली, पोटाने मात्र मान टाकली. खाल्लं की कळ, कळ आली की धाव. कितीदा तरी अर्ध्या शिडीवरून परत फिरावं लागलं.

"थोडे दिवस खालचं काम बघ," मुकादम नरमाईने म्हणाला.

"घारीची कोंबडी झाली!" दुसरा क्रेनवाला खिदळला. तो शब्द तिच्या मनात रुतून बसला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं. "औषधाने वाईट जंतू मारले, पण सुक्याबरोबर ओलंही जळलं. आतड्यात चांगले जंतूही असतात, पचनाला त्यांची मदत होते. त्यांची वस्ती पुन्हा बसायला हवी."

"म्हणजे आता जंतू खायचे?"

"हो, ताज्या दह्यातले. रोज वाटीभर. सगळ्यांनाच सारखा गुण येतो असं नाही, पण करून बघा. त्रास वाढला तर मात्र लगेच या."

घरी तिने उत्साहाच्या भरात उकळत्या दुधालाच विरजण लावलं. सकाळी पातेल्यात नुसतं पाणी आणि चोथा. सासूबाईंनी डोकावून कपाळावर हात मारला.

"अगं, जिवंत हवेत ना तुला ते? मग आधणात कशाला बुडवलंस बिचाऱ्यांना? बोट घालून बघ. बोटाला सोसेल, तेवढंच त्यांना सोसेल."

कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.

पुढचं दही सुरीने कापावं असं लागलं. सुरुवातीला पोटात नुसती गुरगुर. "नवे भाडेकरू सामान लावतायत," सासूबाई म्हणाल्या. हळूहळू गुरगुर थांबली, कळा विरळ झाल्या. आणि एका सकाळी बसमध्ये तिच्या लक्षात आलं, आपण भरपेट न्याहारी करून निघालो आणि वाटेत संडास कुठे आहे हे बघायचं आठवलंसुद्धा नाही!

पादचारी पुलाचा शेवटचा सांगाडा चढवायचा होता. खालचा रस्ता त्यासाठीच बंद केलेला. वारा भरवशाचा नव्हता. दुसऱ्या क्रेनवाल्याने सरळ हात वर केले. मुकादमाने तिच्याकडे पाहिलं. "जमेल?"

"पोटाला विचारलंय. ते तयार आहे."

एकदाही न थांबता ती शिडी चढून गेली. वर गेल्यावर वारा सुटला. सांगाडा जमिनीवर, ती आभाळात, आणि नुसती वाट बघणं. पोट बिघडलेलं असतं तर एवढ्यानेच तिला दरदरून घाम फुटला असता. आज पोट कसं शांत होतं, म्हणून हात शांत होते आणि नजरही.

वारा पडला. सांगाडा उचलला गेला. "डावीकडे... अजून तीळभर... बस!" वॉकीटॉकीत मुकादम ओरडला. बोल्ट आपापल्या भोकांत बसले, आणि खालून शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्यांचा नुसता कल्लोळ उठला. सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होता तो दुसरा क्रेनवाला.

"घारच गं तू!" ती खाली उतरताच तो म्हणाला. "मी तोंड सांभाळायला हवं होतं."

मुकादम पाठ थोपटायला पुढे आला. "बोल, काय देऊ तुला?"

"जेवायला वाढा," ती म्हणाली. "सपाटून भूक लागलीय!"